नावानिशी ओळख

मराठी भाषेत 'गाठ' या शब्दाने जेवढे संसार बांधले आहेत, तेवढे दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच बांधले असतील. लग्नाची गाठ, ऋणानुबंधाच्या गाठी, आप्तेष्टांच्या गाठीभेटी, आठवणीसाठी पदराला मारलेली गाठ, गाठीला बांधलेले चार पैसे. या शब्दाला सर्वत्र मायेची ऊब आहे. भाषा शिकविण्यात आमचे आयुष्य गेले; परंतु या शब्दाचा एक थंडगार अर्थ आम्हांस कळला तो २०१७ च्या संक्रांतीला, तिळगूळ देता-घेता.

इंदुरातच राहणारे आमचे धाकटे बंधू संध्याकाळी सहकुटुंब घरी आले होते. नमस्कारासाठी वाकताना त्यांच्या गळ्यातला मफलर सरकला आणि मानेच्या डाव्या बाजूस सुपारीएवढा उंचवटा आमच्या दृष्टीस पडला. विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "दुखत नाही रे दादा, म्हणून कुणाला दाखवली नाही." न दुखणाऱ्या गोष्टींची आपण किती कमी विचारपूस करतो, हे तेव्हा लक्षात आले.

आपल्या देशात मानेवर गाठ म्हटली की प्रथम क्षयाचा संशय घेतात, आणि तो वावगाही नाही. सुई घालून केलेल्या तपासणीत निश्चित काही निघाले नाही. क्षयाची औषधे सुरू झाली. दोन महिने नेमाने घेतली. गाठ मात्र सुपारीची लिंबाएवढी झाली. अखेर मार्चअखेर ती संपूर्ण काढून प्रयोगशाळेत धाडण्यात आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला, त्याचा मथितार्थ असा होता : हे घातक अर्बुद आहे, पेशी इतक्या अल्पविकसित आहेत की ते मूळचे कोणत्या जातीचे, हे सांगता येत नाही, प्रकार निश्चित करण्यासाठी 'इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री' ही तपासणी करून घ्यावी.

येथे आम्हांस आमच्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. ते दिवस शाळेच्या निकालांचे. टेबलावर गुणपत्रकांचे गठ्ठे, आणि त्यांच्या शेजारी हा अहवाल. त्या लांबलचक नावाच्या तपासणीला काही हजार रुपये लागणार होते. आधीच्या शस्त्रक्रियेत बंधूंची शिल्लक संपली होती. आम्ही घरातले वडीलधारे. निर्णय आमच्याकडे आला. आम्ही मुख्याध्यापकाच्या थाटात म्हणून गेलो, "अनुत्तीर्ण तो अनुत्तीर्ण, तो गणितात की भूगोलात, याची चौकशी आता कशाला? कर्करोग म्हटल्यावर त्यापुढे आणखी नाव ते काय!" सगळे गप्प राहिले. आम्ही तो कागद कपाटात ठेवला. तो तेथे अकरा दिवस पडून होता.

बाराव्या दिवशी सकाळी आमची भावजय एकटीच आली. बंधूंचे वह्या-पुस्तकांचे छोटेसे दुकान आहे, आणि त्यांच्या आजारपणात ते तीच पाहत असे. पदर सावरून, खाली मान घालून ती म्हणाली, "दादा, तुम्ही शिकलेले, मी काय सांगावे? पण दुकानात पोर आले आणि नुसते 'वही द्या' म्हणाले, तर मी देत नाही. एकरेघी, दुरेघी, चाररेघी की चौकटीची, हे विचारते. चुकीची वही गेली तर ती पोराच्या काय कामाची? मग ह्यांच्या औषधाच्या बाबतीत आपण एवढेही विचारायचे नाही का?"

एम. ए. च्या पदवीने आम्हांस जे सुचले नाही, ते दुकानाच्या फळीने तिला शिकविले होते. आम्ही निरुत्तर झालो आणि त्याच दिवशी तिच्याबरोबर बाहेर पडलो.

पहिल्या प्रयोगशाळेतून आम्हांस एका पुडीत बोटाच्या पेराएवढा मेणाचा ठोकळा मिळाला. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, तिचा तुकडा पातळ मेणात बसवून, थिजवून ठेवलेला असतो. असा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे आमच्या बंधूंचा तो तुकडा कपाटातल्या कागदापेक्षा अधिक शहाणपणाने जपला गेला होता. तो घेऊन आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो. तेथील विकृतिशास्त्रज्ञ बाई मोठ्या सौजन्यशील. आम्ही शिक्षक आहोत आणि जाणून घेण्याची इच्छा आहे, हे पाहून काही दिवसांनी, काम पुरे झाल्यावर, त्यांनी दोघांना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकासमोर आम्हांस बसविले.

पहिली काच नेहमीच्या रंगांची होती. मेणाच्या ठोकळ्यातून मिलिमीटरच्या तीन-चार हजारांश भागाएवढी पातळ चकती कापून ती दोन रंगांत बुडवितात. त्यांतला निळा-जांभळा रंग हीमॅटॉक्सिलिन. तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो. दुसरा गुलाबी इओसिन. आम्हांस दिसला तो नुसता निळ्या वर्तुळांचा समुदाय. शाळेच्या गच्चीवरून प्रार्थनेला उभी राहिलेली मुले पाहावीत, तसे. एकच गणवेश, एकच रांग. कोण कुणाचा, काही कळू नये. बाई म्हणाल्या, "पुष्कळदा एवढ्यावरच निदान होते. ग्रंथीची पेशी ग्रंथीसारखी रचना करते, त्वचेची पेशी त्वचेसारखी. पण काही अर्बुदांतल्या पेशी आपले मूळ रूपच टाकून देतात."

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्या या थोर पुरुषाजवळ साधने होती ती हीच : रंगविलेली काच आणि सरावलेला डोळा. त्या बळावर त्या पिढीने केवढे काम केले, याचे आश्चर्य वाटते. परंतु जिथे रूपच लोपलेले, तिथे कितीही तीक्ष्ण डोळा असला तरी तो काय करणार?

यावर आम्हांस लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आठवली. दरबारात एक परदेशी पंडित आला. दहा भाषा तो सारख्याच सफाईने बोले. त्याची मातृभाषा कोणती, हे कुणास ओळखता येईना. एका चतुराने रात्री तो गाढ झोपेत असताना त्याच्या अंगावर थंड पाणी ओतले. पंडित दचकून ओरडला तो आपल्या मातृभाषेत! आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांस या गोष्टीचे मर्म निराळे सांगावयास नको. होळकरांच्या काळापासून पिढ्यान् पिढ्या इथे गेल्या. पोशाख इथला, सकाळचे पोहे-जिलबी इथली, बाजारातले बोलणे हिंदी. अनोळखी माणसाने पाहिले तर त्याला आम्ही निराळे दिसणार नाही. पण अंधारात पायाला ठेच लागली की तोंडून निघते ते 'आई गं!' हेच.

पेशींचेही तसेच असते. अर्बुदातली पेशी आपला पोशाख विसरते, चालरीत विसरते. पण ज्या घराण्यात ती जन्मली त्या घराण्याचे एखादे प्रथिन ती बहुधा अंगावर बाळगून असते. त्वचेच्या, आतड्याच्या, फुप्फुसाच्या आवरणातून निघालेल्या पेशींत केराटिनाच्या वर्गातली प्रथिने असतात; आपले केस आणि नखे यांचे द्रव्य याच कुळातले. पांढऱ्या रक्तपेशींच्या घराण्यात सीडी-४५ नावाचे प्रथिन असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या अर्बुदात एस-१०० सापडते. प्रश्न एवढाच, की हे गुप्त प्रथिन बोलते करावयाचे कसे? त्याला थंड पाणी कोणते?

ते पाणी म्हणजे प्रतिपिंड. सध्या सर्वतोमुखी झालेला शब्द वापरावयाचा तर अँटिबॉडी. शरीरात परके द्रव्य शिरले की रक्त त्याच्याशी नेमके जुळणारे प्रतिपिंड तयार करते. ते दुसऱ्या कशाला सहसा चिकटत नाही. आल्बर्ट कून्स हे अमेरिकन डॉक्टर १९३९ साली सुटीत बर्लिनला गेले असता त्यांच्या मनात आले, की या प्रतिपिंडालाच एखादी खूण बांधली, तर ते जिथे चिकटेल ती जागा आपल्याला दिसणार नाही का? १९४१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडाला प्रकाशात चकाकणारे द्रव्य जोडून दाखविले. तेच साल टाटा रुग्णालयाच्या आरंभाचे, हा एक योगायोग.

परंतु ती चकाकी पाहण्यास खास सूक्ष्मदर्शक लागे आणि ती लवकर विझे. १९६६ च्या सुमारास नाकाने आणि पियर्स या संशोधकांनी चकाकणाऱ्या द्रव्याऐवजी प्रतिपिंडाला एक विकर जोडले. हे विकर मुळ्याच्या आणि मोहरीच्या कुळातल्या एका तिखट कंदातून काढतात. त्यावर योग्य रसायन घातले की त्या ठिकाणी तपकिरी रंग साचतो, आणि तो साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतो व टिकतो. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी आणि एक अमर कर्कपेशी यांचा संयोग घडवून, एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे निर्माण करण्याची युक्ती काढली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या युक्तीचे एकस्व घेण्यात आले नाही, ती जगाला खुली राहिली. ज्या कर्कपेशीचे अमरत्व माणसाचा घात करते, तेच अमरत्व येथे माणसाच्या कामास लावलेले पाहून आम्हांस समुद्रमंथन आठवले.

एक अडचण तरीही होती. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली प्रथिने जणू हातपाय बांधल्यासारखी होतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत. १९९१ साली अमेरिकेत शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की काचेवरची चकती द्रावणात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये उकळली, तर ही बंधने पुष्कळशी सुटतात. त्यांना ही कल्पना ग्रंथालयात १९४० च्या दशकातले जुने लेख वाचताना सुचली. ग्रंथालयाच्या कपाटांवर धूळ साचू देणाऱ्या आमच्यासारख्या शाळाप्रमुखांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

बाईंनी मग एकामागून एक काचा लावल्या. आम्हांस तो सारा प्रकार हजेरी घेण्यासारखा वाटला. गणवेशातल्या त्या निळ्या समुदायापुढे एकेक नाव पुकारावयाचे. ज्याचे असेल तो तपकिरी होऊन 'हजर' म्हणेल. आणि हजेरी घेणाराही विश्वासू पाहिजे. म्हणून प्रत्येक वेळी एक अशी काच लावतात, जिथे ते नाव निश्चित आहे, आणि एक अशी, जिथे ते निश्चित नाही. पहिली गप्प राहिली किंवा दुसरी बोलली, तर हजेरीच रद्द.

पहिली हाक केराटिनाची. समुदाय निळाच राहिला. दुसरी एस-१०० ची, पुन्हा निळाच. तिसरी सीडी-४५ ची. आणि काचेवर जणू कुणी गेरू फिरवावा तसे एकेका पेशीच्या कडेला तपकिरी वर्तुळ उमटलेले दिसले. आम्ही नकळत "हजर" असे पुटपुटलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढची काच लावली. सीडी-३ ला फक्त अधूनमधून विखुरलेल्या लहान पेशींनी उत्तर दिले. सीडी-२० ला सबंध वर्गाने. हे आवरणातल्या पेशींचे कुठून तरी पसरत आलेले अर्बुद नव्हते. लसिकाग्रंथीतच जन्मलेला, मोठ्या 'बी' पेशींचा लिम्फोमा होता.

"मग एवढ्या हाका कशाला? शेवटची एकच मारली असती तर?" आम्ही विचारले. बाईंचे उत्तर ऐकताना आम्हांस विद्यार्थिदशेत वाचलेला तर्कसंग्रह आठवला. तिथे लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचे लक्षण 'शिंगे असणे' असे केले, तर ते म्हशीलाही लागते; ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंग' असे केले, तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. आणि 'एकसंध खूर' म्हटले, तर ते कोणत्याच गाईला लागत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हेच तिचे खरे लक्षण. अर्बुदांच्या राज्यात असे निर्दोष एकलक्षण बहुधा मिळत नाही. केराटिन काही मांसार्बुदांतही आढळते. एस-१०० मज्जातंतूंच्या आवरणाच्या अर्बुदातही दिसते. उलट काही लिम्फोमांत सीडी-४५ दिसतच नाही. म्हणून एका साक्षीवर न विसंबता चार-सहा साक्षी घ्यावयाच्या, होकारांइतकेच नकारांना महत्त्व द्यावयाचे, आणि शेवटी पेशीचे रूप व रोग्याचा इतिहास यांच्याशी ते सारे पडताळून पाहावयाचे. न्यायशास्त्र आणि वैद्यक येथे एकाच पाटावर बसलेले आम्ही पाहिले.

आता मूळ प्रश्न : नाव कळून लाभ काय? आमच्या उद्दाम प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्याच आठवड्यात मिळाले. ज्या सीडी-२० ने ओळख पटली, त्याच सीडी-२० ला जाऊन चिकटणारे प्रतिपिंड औषध म्हणूनही आहे. त्याचे नाव रिटुक्सिमॅब. अमेरिकेत त्यास १९९७ साली मान्यता मिळाली, आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. आधीच्या चार औषधांच्या जोडीला ते दिले, की या जातीच्या लिम्फोमाचे पुष्कळ रोगी पूर्ण बरे होतात. हेच अर्बुद केराटिनाच्या घराण्यातले असते, तर या औषधाचा कवडीइतका उपयोग नव्हता. सगळी चिकित्साच निराळी. म्हणजे दोन वाटा होत्या, आणि त्या जिथे फुटतात तिथला फलक आम्ही अकरा दिवस कपाटात कोंडून ठेवला होता.

वाचक भगिनींनी तर ही गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. स्तनाच्या कर्करोगात याच तपकिरी रंगाने तीन गोष्टी पाहतात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची ग्रहणस्थाने आणि हर-टू हे प्रथिन. पहिल्या दोन असतील तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. तिसरे भरपूर असेल तर १९९८ पासून उपलब्ध असलेले ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड. वरून सारखी दिसणारी गाठ; पण एकीचे औषध दुसरीला लागू नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बंधूंचे उपचार सुरू झाले; दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा. केस गेले, भूक गेली, पण तिसऱ्या वेळेपर्यंत पोटातल्या व काखेतल्या गाठी ओसरू लागल्या. सहावा उपचार गणपती बसावयाच्या आठवड्यात झाला. त्या वर्षी आरतीला ते टोपी घालून उभे राहिले, आणि टाळ मात्र त्यांनी कुणाला दिले नाहीत.

नाव कळले की रोग हटतोच, असे आम्ही म्हणणार नाही. उपचाराच्या दालनात आमच्या शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ मुलाबरोबर येत. त्यांच्या रोगाचे नाव पहिल्याच अहवालात स्पष्ट आले होते. पण त्या नावाला उत्तर देणारे औषध नव्हते. श्रावणानंतर ते दिसले नाहीत. मात्र एकदा ते म्हणाले होते, "कशाशी लढतो आहोत, हे तरी ठाऊक आहे. अंधारात काठी फिरवण्यापेक्षा हे बरे." ते वाक्य आम्ही विसरलो नाही.

त्या अकरा दिवसांविषयी आम्ही नंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भीत भीत विचारले. ते म्हणाले, "त्यांनी काय बिघडले, ते कुणी सांगू शकणार नाही. दुसऱ्या कुणाला तसे करू देऊ नका, म्हणजे झाले." हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच. अहवालात पुढची तपासणी करावी असे लिहिले असेल, तर ती कशासाठी, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मेणाचा ठोकळा आणि काचा कुठे आहेत, याची नोंद घरी ठेवावी. पैशाची अडचण असेल तर ती लाज न बाळगता सांगावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्या वाक्चातुर्याच्या भरात कुणाच्या आयुष्याचा निकाल लावू नये.

बंधूंना आता बरीच वर्षे झाली; प्रकृती उत्तम आहे. गेल्या जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास आम्ही दुकानात गेलो होतो. गर्दी होती. एक चिमुरडा फळीला टाचा उंचावून लोंबकळत म्हणाला, "काकू, वही द्या."

भावजयीने आमच्याकडे क्षणभर पाहिले, आणि मग त्याच्याकडे वळून विचारले, "कोणती रे बाळा?"